कुजबूज आणि ओरडण्याची सरासरी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या श्रमिक आरोग्य मंडळाचे आदरणीय पोपटराव खंडारे; ज्यांना निरोप द्यायला आपण सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या या सभागृहात जमलो आहोत ते सत्कारमूर्ती, ‘कान वाचवा’ प्रकल्पाचे प्रमुख डॉक्टर योगेश ठोंबरे; व्यासपीठाची डावी बाजू ज्यांनी भरून टाकली आहे ते लूम कारखानदार संघटनेचे सन्माननीय शेठ; पहिल्या रांगेतले देणगीदार, मधल्या रांगांतल्या माझ्या भगिनी, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले, बमरोलीहून आणि कडोदऱ्याहून पाळी संपवून तसेच आलेले माझे कारीगर बंधू, तुम्हां सर्वांना नमस्कार आणि सप्रेम जय भीम.

मयुरीने आत्ता जाहीर केलं की उषाताई दोन शब्द बोलतील. मयुरी, तू सूत्रसंचालन गोड करतेस, पण तुझं हे वाक्य सभागृहात कोणी खरं मानलं नसेल. मी जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. आमच्या लोकांना दोन शब्दांत काही सांगता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांच्याबद्दल आम्हांला संशय येतो. तेव्हा माईक माझ्या हातात दिल्याची जबाबदारी आयोजकांनी घ्यावी.

निरोपाच्या भाषणात सत्कारमूर्तींचे गुण सांगायचे असतात. माझ्या आधी बोललेल्या तिघांनी ते काम इतकं मनापासून केलं की माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलं नाही. डॉक्टर वेळेवर येतात, खरं आहे. डॉक्टर कधी आवाज चढवत नाहीत, हेही खरं. डॉक्टरांना अहमदाबादला मोठं पद मिळालं आहे आणि त्या पदासाठी शेठ मंडळींनी चांगला शब्द टाकला, असं मघाशी शेठच प्रेमानं सांगून गेले. त्याबद्दल डॉक्टरांचं अभिनंदन. आता मला जे बोलायचं आहे ते गुणांत बसत नाही, पण निरोपात बसतं, कारण आज नाही बोलले तर उद्या डॉक्टर इथे नसतील आणि तो अहवाल मात्र इथेच राहील.

अहवाल म्हणजे अध्यक्षांच्या पुढ्यात जी निळी फाईल ठेवली आहे ती. समारंभाच्या शेवटी ती फाईल मंडळातर्फे कारखानदार संघटनेला द्यायची आहे. फोटोग्राफरलाही सांगून ठेवलं आहे. त्या फाईलच्या पहिल्या पानावर माझं नाव छापलंय, ‘सांख्यिकी सल्लागार’ म्हणून. हे पद मंडळानं मला निवृत्तीनंतर दिलं. सल्ला मी द्यायचा, आणि न ऐकण्याचं काम बाकीच्यांनी आपसांत वाटून घ्यायचं, अशी त्या पदाची रचना आहे.

थोडं मागं जाते. डॉक्टरांचं भाषण संपलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टर खुर्चीत बसता बसता माझ्याकडे वाकून म्हणाले, “बघा ताई, अख्ख्या सभागृहाची पसंती.” मी बघत होते ना! आधी मधल्या शेठनी टाळी वाजवली. मग त्यांच्या दोन्ही बाजूंच्या शेठनी. मग पहिली रांग, कारण पहिल्या रांगेला शेठ दिसतात. मग दुसरी, मग तुम्ही बायका, आणि सगळ्यात शेवटी भिंतीपाशी उभी असलेली माणसं. रागावू नका, पण खरं सांगा, तुमच्यातल्या किती जणांनी स्वतः ठरवून टाळी वाजवली? शेजाऱ्यानं वाजवली म्हणून आपण वाजवतो. मीही वाजवली. सभागृहात तीनशे माणसं असतील, पण मतं तीनशे नव्हती. मत एक होतं, आणि बाकी आवाज होता.

एवढी एक गोष्ट तुम्हांला कळली, तर माझ्या विषयातली अर्धी गोष्ट कळली. डॉक्टरांना ती दीड वर्षात कळली नाही. कळली असेल तर ते आणखी वाईट.

प्रकल्प काय होता ते नव्या पाहुण्यांसाठी सांगते. लूमच्या कारखान्यात काय आवाज असतो हे ज्यांनी आत पाऊल टाकलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी टाकलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही. कारीगरांचे कान जातात. ते वाचवायचे दोन उपाय निघाले. एक, साच्यांखाली, म्हणजे लूमखाली, रबराच्या गाद्या आणि छताला आवाज शोषणारे तक्ते. हे महागाचं काम. दुसरा, कारीगरांच्या कानांत घालायला बोळे. हे स्वस्तातलं काम. आठ कारखाने निवडले, चारांत गाद्या बसवल्या, चारांत बोळे वाटले. सुरुवातीला सगळ्यांचे कान तपासले, दीड वर्षानं पुन्हा तपासले. जे चांगलं ठरेल ते बाकीच्या सगळ्या कारखान्यांत करायचं, असा संघटनेनं शब्द दिला होता. शब्द चांगला होता. मीही त्या दिवशी पेढा खाल्ला.

कान तपासायचे कसे? साधी रीत ठरली. चार पायऱ्या. नर्सबाई मागं उभ्या राहून बोलणार. कुजबुजलेलं ऐकू आलं तर पहिली पायरी. नेहमीच्या आवाजात बोललेलं ऐकू आलं तर दुसरी. ओरडल्यावरच ऐकू आलं तर तिसरी. ओरडूनही ऐकू आलं नाही तर चौथी. तक्त्यात लिहायला सोपं पडावं म्हणून एक, दोन, तीन, चार असे आकडे दिले.

आणि इथं घात झाला. आकडा दिसला की शिकलेल्या माणसाचे हात शिवशिवतात. डॉक्टरांनी त्या आकड्यांची सरासरी काढली.

मी बैठकीत विचारलं, “डॉक्टर, कुजबूज आणि ओरडणं यांची सरासरी म्हणजे काय?” ते म्हणाले, “ताई, कॉम्प्युटरला आकडे दिले की तो सरासरी देतोच.” देतो ना! तुमच्या आणि माझ्या फोन नंबरांचीही देईल. पहिल्या पायरीवरून दुसरीवर घसरलेल्या माणसाला बायकोचं हळू बोललेलं कळत नाही. तिसरीवरून चौथीवर गेलेल्या माणसाला मागून येणारा टेम्पो कळत नाही. ही दोन्ही अंतरं सारखी कोणी ठरवली? पायऱ्यांना क्रम आहे, पण त्या सारख्या उंचीच्या नाहीत. त्यांच्यासाठी पायऱ्या धरून चालणारी पद्धत असते, आणि ती मी लिहून दिली होती. त्यातही तपासायचं होतं, की ज्याला कुजबूज ऐकू येते त्याचा कान वाचवणं आणि ज्याला ओरडून सांगावं लागतं त्याची पुढची घसरण थांबवणं, या दोन्ही कामांत उपाय सारखाच चालतो की नाही. डॉक्टर म्हणाले, “एवढं खोलात गेलो तर शेठ झोपतील.” शेठ, हे तुमच्याबद्दल डॉक्टरांचं मत आहे, माझं नाही.

दुसरी गोष्ट मघाच्या टाळ्यांची. एका कारखान्यातले कारीगर म्हणजे सुटी सुटी माणसं नव्हेत. एकाच छताखालचा एकच आवाज सगळ्यांच्या कानांवर पडतो. बहुतेक एकाच गावचे असतात, एका खोलीत राहतात, एकाच खानावळीत जेवतात. नर्सबाई एका कारखान्यात जरा मोठ्यानं कुजबुजल्या की तिथले सगळे पास. डॉक्टर प्रत्येक वेळी म्हणायचे, “आपल्याकडे आठशे माणसं आहेत, ताई.” मी प्रत्येक वेळी म्हणायचे, आपल्याकडे आठ कारखाने आहेत. गाद्या माणसाला बसवल्या नव्हत्या, कारखान्याला बसवल्या होत्या. मग तुलना कारखान्यांची व्हायला हवी, किंवा निदान कोण कुठल्या छताखालचा आहे हे हिशेबात धरायला हवं. आठ म्हणजे थोडे. थोडे असले की छाती काढून बोलता येत नाही. डॉक्टरांना छाती काढून बोलायचं होतं.

मग त्यांनी काय केलं? तीन पद्धती लावून पाहिल्या. कारखाने धरून, पायऱ्या धरून केलं तेव्हा उत्तर आलं, की एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. कारखाने सोडून दिले तेव्हा थोडासा फरक दिसला. पायऱ्याही सोडून दिल्या, आठशे माणसं सुटी धरली, सरळ सरासरी काढली, तेव्हा बोळे जिंकले, आणि दणदणीत जिंकले. फाईलमध्ये ही तिसरी गेली. पहिल्या दोघींचा उल्लेखसुद्धा नाही. पद्धत उत्तर बघण्याआधी निवडायची असते, डॉक्टर. बाजारात वांगी दाबून दाबून निवडतात तशी नाही.

(अध्यक्षसाहेब, तुमची चिठ्ठी मिळाली. ‘वेळ झाली’ असं लिहिलंय. बरोबर आहे, झालीच आहे. आणखी थोडं थांबा.)

आता त्या निकालात काय म्हटलंय ते ऐका, म्हणजे मला झोप का लागेना ते कळेल. गाद्यांच्या कारखान्यांत म्हणे ‘विशेष फरक नाही’. आणि बोळ्यांच्या कारखान्यांत म्हणे ‘श्रवणशक्तीत लक्षणीय सुधारणा’. सुधारणा! डॉक्टर, तुम्ही डॉक्टर आहात. आवाजानं गेलेला कान परत येतो का? मी संख्याशास्त्राची बाई, मलाही माहीत आहे की येत नाही. फार तर आहे तिथं थांबतो. म्हणजे गाद्यांच्या कारखान्यांत दीड वर्षात फरक पडला नसेल, तर तीच कदाचित सगळ्यात चांगली बातमी असेल. ती तुम्ही अपयशात टाकली, आणि जे होऊच शकत नाही त्याला बक्षीस दिलं.

मी कारखाने वेगळे काढून बसले. ती सगळी सुधारणा बमरोलीच्या एकाच मोठ्या कारखान्यातून आलेली होती. शेठचं नाव घेत नाही, ते ओळखतील. बोळ्यांच्या बाकीच्या तीन कारखान्यांत कान थोडे थोडे घसरलेच होते. सगळ्यांची एक सरासरी काढून ठेवली की ही गोष्ट दिसत नाही. कारखाना कारखाना बघितला की डोळ्यांत खुपते. म्हणून तर पद्धत निवडायची असते. लोकांना वाटतं, आम्ही उगीच किचकट बोलतो.

त्या कारखान्यातले सगळ्यात जास्त सुधारलेले गृहस्थ म्हणजे श्री. मारुती. पहिल्या तपासणीत तिसरी पायरी, ओरडल्यावर ऐकू येणारे. दुसऱ्या तपासणीत पहिली, कुजबूज ऐकू येणारे. अहवालात त्यांच्यावर चौकट आहे, रंगीत. आणि ते आज आपल्यात आहेत. मघाशी त्यांच्याच हस्ते डॉक्टरांना पुष्पगुच्छ दिला, आठवतंय ना? मयुरीनं माईकवरून तीन वेळा नाव पुकारलं, तरी ते जागचे हलले नाहीत. तुम्ही सगळे हसलात. कोणीतरी मागून म्हणालं, “लाजतोय, लाजतोय.” शेवटी त्यांच्या पत्नीनं, सखुबाईंनी, कोपरानं ढोसलं तेव्हा उठले. वर आल्यावर डॉक्टरांनी माईकवरून विचारलं, “काय मारुतीराव, आता कसं काय ऐकू येतं?” त्यांनी मान डोलावून सांगितलं, “हो, हो. बरं, बरं.” आणि तुम्ही पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मी अहवाल हाती आल्यावर त्यांना भेटायला बमरोलीला गेले होते. चमत्कार बघायची हौस कोणाला नसते? कारखान्यात बोलणं शक्य नाही, म्हणून तिथल्या मास्तरांना, म्हणजे कारीगरांवरच्या मुकादमांना, विनवून अहवालात मारुतीरावांच्या नावापुढे नंबर होता त्या साच्यावरच्या माणसाला बाहेर चहाच्या टपरीवर आणलं. चांगला उंचापुरा, मिशीवाला गडी. मी म्हटलं, “मारुतीराव, तुमचा कान बरा झाला म्हणे.”

तो म्हणाला, “मी कुठला मारुती, बाई? मी शुभम. मारुती म्हंजे आमचे दाजी. त्ये गावाकडं गेले.”

“मग तपासणी कोणाची झाली?”

“माझीच की. नर्सबाई आल्त्या, साच्याचा नंबर इचारला, म्या सांगितला. नाव तर त्येंच्याजवळ लिवलेलंच व्हतं.”

“तुझं नाव नाही सांगितलंस?”

“कशाला सांगावं? साचा दाजीचाच हाय. त्येंच्या नावावर मी बसलोय. रिकामा ठिवला आसता तर दुसरं कुनी बसलं आसतं.”

इथल्या कारीगरांना यात नवल वाटणार नाही. साचा सोडायचा नसतो. एक गावी गेला की भाऊ, मेहुणा, पुतण्या, कोणीतरी बदली बसतो. आपल्या प्रकल्पानं माणसांऐवजी साच्याचे नंबर धरले होते, कारण खोल्या बदलतात, पाळ्या बदलतात, साचा जागचा हलत नाही. कोणाला तरी ही मोठी हुशारी वाटली होती. साचा तोच राहिला, आणि त्याच्यापुढचा कान बदलला.

आणि मारुतीराव का गेले? साचा बिघडायला लागला की आधी त्याचा आवाज बदलतो. जुन्या कारीगराला तो बदल इतक्या गोंगाटातही कळतो. मारुतीरावांना कळेनासा झाला. कापड खराब जाऊ लागलं. मास्तर म्हणाले, “आता गावाला जा, आराम करा.” ज्यांचे कान गेले त्यांनाच आराम मिळाला, आणि असे ते एकटे नव्हते. त्याच गावचे, त्याच खोलीतले बरेच जण एकदमच गेले, आणि त्यांचे बदलीही एकदमच आले. सगळे तरणे, सगळ्यांना कुजबूज ऐकू येत होती. तुमची लक्षणीय सुधारणा ती ही, डॉक्टर. मास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “चालशे, ताई, चालशे.” इथल्या भाषेत म्हणजे चालेल. मास्तरांना चालेल. तुम्हांला कसं चाललं?

हे मी डॉक्टरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “एकदोन नावं चुकली असतील, ताई. मोठ्या आकड्यांत ती बुडून जातात.” हे वाक्य मी विसरणार नाही. बुडून जातात. बरोबर आहे, बुडवण्यासाठीच सरासरी काढली होती.

सखुबाई सुरतेतच राहिल्या आहेत. बमरोलीच्या खोलीत साड्यांवर खडे चिकटवतात. मी त्यांना विचारलं, “मालकांशी बोलणं होतं का?” त्या म्हणाल्या, “फोन लावते, बाई, रोज लावते. पर मी काय बी बोलले तरी ते ‘हो, हो, बरं, बरं’ म्हनतात. पोरगी तापानं फनफनली म्हनून सांगितलं, तरी ‘हो, हो, बरं, बरं’. ऐकू येत न्हाई म्हनायची लाज वाटती त्येंला.”

आता मघाशी या माईकवर काय झालं ते पुन्हा आठवा.

नाही, शेठ, मान खाली घालू नका. मयुरी, तूही रडू नकोस, तुझा दोष नाही. मंडळाला व्यासपीठावर एक सुधारलेला लाभार्थी हवा होता, आणि मारुतीरावांना गावाहून मी बोलावून घेतलं. त्यांना फसवून आणलेलं नाही. सखुबाईंना आधी सगळं सांगितलं होतं, की लोक हसतील, मारुतीरावांना वाईट वाटेल, नको असेल तर सांगा. त्या म्हणाल्या, “न्या. बघू द्या समद्यांला.” तुम्ही बघितलंत. हसलातही.

मला राग आलाय. इतका वेळ शोभेल अशा शब्दांत बोलले, पण आता सरळ सांगते. डॉक्टर, तुम्ही चुकला असता तर मी तुम्हांला खोलीत बसवून शिकवलं असतं, आणि बाहेर चकार शब्द काढला नसता. चुकण्यानं कोणी लहान होत नाही. पण तुमच्यासमोर तिन्ही उत्तरं होती. तुम्हांला दिसत होतं की कान परत येत नाहीत. मी साच्याचं आणि बदलीचं सांगितलं, तेही तुम्ही ऐकलं. तुमचा कान तर पहिल्या पायरीवर आहे! आणि तरी फाईल बांधून इथे आणली, कारण शेठना बोळे हवे होते आणि तुम्हांला अहमदाबाद. हा पुष्पगुच्छ तुमच्याच हातात राहू दे. मी त्याच्या वासानं आजारी पडेन.

अध्यक्षसाहेब, पोपटराव, आता तुमच्याशी बोलते. तुम्ही स्वतः साच्यावर काम केलंय. माझ्या वडिलांची आणि तुमची ओळख तिथलीच. ही फाईल आज संघटनेच्या हातात गेली की गाद्या बंद, बोळे चालू, आणि वर मंडळाचा शिक्का. मग कोणी विचारलं तर शेठ म्हणतील, आम्हांला डॉक्टरांनी सांगितलं, ताईंनी हिशेब केला. मी केलेला नाही. माझं नाव खोडा. आणि जमलं तर त्याहून जास्त करा, फाईल देऊ नका. आठही कारखान्यांतली माणसं नावानं शोधू, गावी गेली असतील तर गावी जाऊ. पायऱ्या पायऱ्यांसारख्या मोजू आणि कारखाने कारखान्यांसारखे. पद्धत आधी लिहून ठेवू, सगळ्यांच्या समोर, आणि मग उत्तर बघू. ते उत्तर कदाचित ‘अजून सांगता येत नाही, गाद्या आणखी काही कारखान्यांत बसवून पाहा’ एवढंच असेल. तशा उत्तरावर मी आनंदानं सही करीन. शेठना ते आवडणार नाही. शेठना सगळंच आवडलं पाहिजे असं मंडळाच्या घटनेत कुठं लिहिलंय?

शुभम आज आलेला नाही. त्याची पाळी आहे. आपण इथे हारतुरे करतो आहोत आणि तो या घडीला दाजीच्या साच्यावर उभा आहे. टपरीवर मी त्याच्या मागं जाऊन हळूच विचारलं होतं, “चहा घेतोस का अजून?” तो वळून हसला, म्हणाला, “घ्या की तुम्ही बी.” एवढं हळू बोललेलं त्याला ऐकू आलं. बोळे दाखव म्हटलं, तर खिशातून काढून दाखवले. घातले की साच्याचा आवाज कळत नाही, कापड खराब जातं, म्हणून कोणीच घालत नाही, म्हणाला. आपल्या सगळ्या फाईलमध्ये बोळे घातले का, हा प्रश्नच नाही. त्या मुलाचा कान अजून शाबूत आहे. मारुतीरावांसाठी आता काही करता येणार नाही, त्याच्यासाठी येईल. निळ्या फाईलवर पोपटराव, तुम्ही हात ठेवलाय तो मला इथून दिसतोय. तो तसाच ठेवा.

संपवते. ज्यांनी मला बोलू दिलं त्या आयोजकांचे, ज्यांनी चिठ्ठी पाठवूनही माईक बंद केला नाही त्या अध्यक्षांचे, जागचे न उठलेल्या शेठ मंडळींचे आणि उभ्यानं ऐकलेल्या कारीगर बंधूंचे मी मनापासून आभार मानते. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द गरजेपेक्षा कडक पडला असेल, तर सभागृहानं मोठ्या मनानं पदरात घ्यावं. डॉक्टरांकडे मात्र मी क्षमा मागत नाही.

आणि एक विनंती. टाळ्या वाजवू नका. टाळ्या वाजल्या की मारुतीराव डावीकडे बघतील, उजवीकडे बघतील, आणि वाजवायला लागतील. मग कोणीतरी त्यांनाही मोजेल.

सखुबाई, त्यांना हातानं खूण करा, बाईंचं बोलणं संपलं म्हणून. मी उभी राहिल्यापासून ते माझ्याकडे बघून मान डोलावताहेत.